वीसपैकी सतरा

भूल देणारी डॉक्टर संघप्रिया दवाखान्यात रुजू झाली आणि दुसऱ्याच दिवशी तिनं रंभा सिस्टरशी वैर घेतलं, तेही चारचौघांदेखत.

ऑपरेशननंतर शुद्धीवर येणारी लेकरं हाताची सुई उपसतात, म्हणून रंभा त्यांचे हात पट्टीनं खाटेला बांधायची. बावीस वर्षं बांधत आली होती. संघप्रियानं कात्री मागवली, पट्ट्या कापल्या आणि म्हणाली, "जनावरं आहेत का ही?" वॉर्डातल्या बाया, झाडूवाली, कंपाउंडर, सगळे बघत होते. त्या दिवसापासून रंभाच्या तोंडून 'मॅडम' हा शब्द थुंकल्यासारखा बाहेर पडायचा.

कुरखेड्यापासून आठ किलोमीटरवरचा, एका ट्रस्टचा तीस खाटांचा हा दवाखाना. मंगळवार आणि शुक्रवार लहान लेकरांच्या ऑपरेशनचे. हर्निया, अंगावरची एखादी गाठ, अशी वीस-पंचवीस मिनिटांची कामं. एवढ्या लहान लेकरांना आधी सुई टोचत नाहीत, तोंडावर मास्क ठेवून औषधाची वाफ हुंगवतात. औषधाचं नाव सेव्होफ्लुरेन. आतापर्यंत एकाच कंपनीची बाटली यायची, आता दुसऱ्या कंपनीचीही येऊ लागली होती. औषध तेच, पण बनवण्याची रीत निराळी. जुन्यात पाण्याचा अंश थोडा जास्त, नव्यात कमी. दोन्हींनी लेकरं सारखीच झोपतात का, सारखीच उठतात का, हे संघप्रियाला तपासायचं होतं. संशोधन तपासणाऱ्या समितीची परवानगी आली. आईबापांना समजावून, सही नाहीतर अंगठा घेऊन साठ लेकरं घ्यायची ठरली. कोणाला कोणती बाटली हे चिठ्ठी टाकून ठरे, आणि ते फक्त भुलीचं मशीन भरणाऱ्या देवरावला ठाऊक असे.

लेकरू शुद्धीवर येताना किती बिथरतं, त्याचे वीसपैकी मार्क द्यायचे. नजरेला नजर देतं का, हातपाय झाडतं का, समजावलं तर ऐकतं का. जितके मार्क जास्त, तितका कहर मोठा. हे काम मंगळवारी रंभाकडे आणि शुक्रवारी करिश्मा सिस्टरकडे होतं. करिश्मा तिशीतली, रंभाच्याच हाताखाली शिकलेली.

दुसऱ्या महिन्यापासूनच रंभा चहाच्या टपरीवर सांगू लागली, "नव्या बाटलीत खोट आहे. मले तं वासच वेगळा येते. लेकरं पिसाळून राह्यली अन् मॅडम कागद रंगवून राह्यली." ही बातमी संघप्रियापर्यंत पोचली. तिनं रंभाला काही विचारलं नाही, फक्त तिचे कागद वेगळ्या फायलीत लावायला सुरुवात केली.

शेवटच्या काही लेकरांत सुकरी होती. पाच वर्षांची, हर्नियाची. तिची माय बुधरी जंगलातल्या गावाहून पहाटेच निघून, पोरीला कडेवर घेऊन आली होती. ऑपरेशन नीट झालं. शुद्धीवर येईस्तोवर लेकरं रंभाच्या खोलीत ठेवत; सुकरीलाही तिथं आणलं आणि दार लागलं. तिथं मायबापाला प्रवेश नाही, हा रंभाचा नियम होता.

दहा मिनिटांत सुकरीनं डोळे उघडले. छत पाहिलं, रंभाचा मास्क पाहिला आणि किंचाळली, "यायो! यायो!" आईला हाक मारत ती अशी उसळली की रंभाला तिचे खांदे आवरेनात. हात मोकळे होते. तिनं सुई उपसली, चादरीवर रक्त सांडलं. बाहेरून बुधरी दोन्ही मुठींनी दार बडवत होती.

"दार उघड! माझी पोरगी मरून राह्यली!"

"काई मरत नाई! दार मोडतं का?" रंभा आतून ओरडली. "बस तिथीच!"

वीस मिनिटांनी दार उघडलं. बुधरीनं पोरगी ओढून घेतली, चादर पाहिली. मग रंभाकडे बघत, आवाज न चढवता म्हणाली, "तू सिस्टर आहेस का चौकीदार?"

रंभानं कागदावर लिहिलं, सतरा.

साठ लेकरं पुरी झाली. कोणाला कोणती बाटली हे लिहिलेलं बंद पाकीट देवरावनं आणलं आणि मीटिंगच्या खोलीत सहा जणांसमोर ते फोडण्यात आलं. संघप्रियानं बेरजा फळ्यावर मांडल्या. जुन्या बाटलीची सरासरी साडेनऊ, नव्या बाटलीची साडेनऊ. उलट्या सारख्या, डोळे उघडायला लागलेला वेळही सारखा. फरक शून्य.

रंभाचा चेहरा उतरला. पण संघप्रिया थांबली नाही. तिनं दुसरा कागद काढला.

"आता हे बघा. मंगळवारच्या लेकरांची सरासरी चौदा, शुक्रवारच्या लेकरांची पाच. औषध तेच, सर्जन तोच, ऑपरेशनं तीच. म्हणजे काय समजायचं, सिस्टर? तुम्हाला हा अभ्यास बुडवायचा होता."

"म्हंजे मी लबाड?"

"आकडे तसं म्हणतात."

रंभा उठली. "मॅडम, माह्या हातून लेकरू बांधल्या गेलं असन. पण जे दिसलं नाई ते मी कधी लिवलं नाई. येत्या मंगळवारी तुमीच या. माह्या बाजूले उभ्या राहा. तुमचा कागद वेगळा, माहा वेगळा. मंग बोला."

संघप्रियाला नाही म्हणता आलं नाही. खरं तर त्या खोलीत ती कधी पुरतं थांबलीच नव्हती. लेकराचा श्वास नीट आहे एवढं पाहून सोपवलं, की पुढचं लेकरू टेबलावर वाट बघत असे. त्या मंगळवारी तिनं दोन ऑपरेशनांमध्ये अर्धा-अर्धा तास मोकळा ठेवला. तीन लेकरं होती. रंभानं लिहिलं पंधरा, चौदा, सोळा. संघप्रियानं लिहिलं पंधरा, तेरा, सोळा. दोघींनी एकमेकींचे कागद पाहिले. संघप्रिया दोन्ही कागद घेऊन निघून गेली.

रंभाला वाटलं, आता करिश्माचंच बिंग फुटणार. पोरीनं मॅडमची मर्जी राखायला मार्क कमी टाकले असणार. म्हणून शुक्रवारी संघप्रिया करिश्माच्या पाळीला निघाली, तशी तीही मागून गेली.

खोलीत करिश्मा होती, खाटेवर चार वर्षांचं पोरगं होतं, आणि पडद्यामागं, भिंतीला टेकून, त्याची माय बसली होती. दोघींना पाहून करिश्माच्या हातातली कापसाची पेटी पडली.

"रंभाबाई, मी... मी मायले आत घेतो. पहिल्यापासूनच. तुमाले सांगाची हिंमत नाई झाली."

रंभा तिला फाडून खाणार, तेवढ्यात पोरगं चुळबुळलं. माय पुढं झाली, त्याच्या कपाळावर हात ठेवला. त्यानं डोळे उघडले, ओठ काढून थोडं रडलं, मायचा पदर मुठीत धरला आणि पडून राहिलं. सुईकडे त्याचं लक्षही गेलं नाही. संघप्रियानं कागद पुढं केला. रंभानं स्वतःच्या हातानं लिहिलं, चार.

मग तिचा तोल सुटला. "अन् पानी पाजलं असतं तं?" ती करिश्मावर कडाडली. "अर्धवट शुद्धीत लेकरू पानी मांगते. माय पाजते. पाह्यलंय मी! छातीत गेलं पानी. दुसऱ्या दिवशी माह्या हातात गेलं ते लेकरू. तवापासून दार लावतो मी."

ही गोष्ट तिनं आजवर कुणाला सांगितली नव्हती. करिश्मा रडायला लागली. खाटेजवळची माय भेदरून पोरावर ओणवी झाली.

संघप्रिया बल्लारपूरची. दवाखान्यात ती नेहमी शाळेतली मराठी बोलायची, पण आता तिच्या तोंडी घरची भाषा आली. "मंग पान्याले मनाई कराची ना! मायले काऊन?"

बावीस वर्षांत किती लेकरं त्या खोलीतून गेली, याचा हिशेब रंभाच्या मनात सुरू झाला आणि तिनं तो तिथंच थांबवला.

दुसऱ्या दिवशी संघप्रियानं तिला आपल्या केबिनमध्ये बोलावलं, दार लोटलं आणि म्हणाली, "सिस्टर, मी तुम्हाला खोटं ठरवलं. माफ करा."

"सहा जनायसमोर लबाड म्हटलं," रंभा म्हणाली, "अन् माफी दार लावून मांगता?"

सोमवारी पुन्हा ते सहा जण बसले. संघप्रिया उभी राहिली. "रंभा सिस्टरचे मार्क खरे होते. माझा आरोप चुकीचा होता." तिनं पुढं जोडलं, "पण मायला बाहेर ठेवणंही चूकच होतं."

"ते मले समजलं," रंभा म्हणाली. "तुमी सांगाची गरज नव्हती."

अभ्यासाचा अहवाल गेला. दोन्ही बाटल्या सारख्याच, असं त्यात लिहिलं होतं. मायबापाच्या हजेरीचा त्यात अभ्यासच नव्हता, म्हणून त्यावर शेवटी दोन ओळी आल्या, की हे पुन्हा नीट तपासायला हवं. रंभाच्या खोलीत मात्र तपासण्याची वाट न पाहता मायसाठी स्टूल आलं. पहिल्या मंगळवारी माय शेजारी असूनही पहिल्या लेकरानं लाथा झाडल्या. रंभानं बारा लिहिले आणि कागद संघप्रियाच्या टेबलावर आपटला. नंतरच्या दोघांना तीन आणि सहा मार्क पडले. तेही कागद तिनं तितक्याच जोरात आपटले.

महिन्याभरानं बुधरी सुकरीला जखम दाखवायला घेऊन आली. रंभा ट्रे घेऊन ओसरीवर गेली. बुधरी तिला पाहून उठून उभी राहिली.

"बाई, त्या दिवशी तुले आत घ्याले पाहिजे होतं," रंभा म्हणाली. "चूक माही होती."

"आता सांगून राह्यली?"

"हो."

बुधरीनं सुकरीला कडेवर घेतलं आणि दोन पावलं मागं सरकली. "जखम दुसऱ्या सिस्टरले पाहू दे. तू हात नको लावू."

रंभानं करिश्माला हाक मारली, ट्रे तिच्या हाती दिला आणि बाजूला उभी राहिली. करिश्मानं पोटावरची पट्टी काढली. व्रण कोरडा होता, छान भरला होता. सुकरी मायच्या खांद्याआडून रंभाकडे टक लावून बघत होती. रंभानं हसायचा प्रयत्न केला, तशी तिनं तोंड लपवलं.

बुधरीनं लुगडं सावरलं, करिश्माला रामराम केला आणि फाटकाकडे चालू लागली. रंभा नोंदवही घेऊन बसली आणि सुकरीच्या नावापुढं लिहिलं, जखम चांगली.