सगळ्यांच्या अळ्या

उमाजीने जीप थांबवताच चार बायका उतरल्या आणि दारात चपला काढून थेट शेडमध्ये शिरल्या.

"लवकर, लवकर!" हेमलताचा आवाज चिरकला.

आनेकलजवळच्या सरकारी रेशीम केंद्राची ती नवी प्रमुख, पुण्याची. रविवारी दुपारी सगळ्या अळ्या एकदम पिकल्या, कोश विणायला तयार झाल्या. सूर्य मावळायच्या आत त्या वेचून चंद्रिकेवर, म्हणजे बांबूच्या जाळीवर सोडल्या नाहीत, तर ताटातच धागा सोडून मातेरं होणार. पहिलंच पीक तिचं! पण सुट्टीच्या दिवशी मजूर लावायचे तर आणीबाणी हवी, असा नियम. बेंगळुरूच्या साहेबांशी ती फोनवर कडाकडा भांडली. "अळ्यांची कसली आणीबाणी?" म्हणे! शेवटी त्यांनी मानलं. पण मग त्याच नियमाचा दुसरा भाग आला: आणीबाणीत बोलावून जी येणार नाही, तिला पुन्हा काम नाही.

चौघींतल्या सकवारबाईचे हात भरभर चालत होते. नजर मात्र सारखी खिडकीकडे, उतरत्या उन्हाकडे.

"लक्ष कुठंय तुमचं? घरी कुणी आजारी आहे का?"

"नाही, अक्का."

"मग?"

"आमच्या पण पिकल्यात."

"काय?"

"अळ्या. अंडी तुम्हीच दिलीत की. इथल्यांबरोबर, सगळ्या गावाला, एकाच दिवशी."

अंडी वाटली त्या दिवशी हेमलताने हौसेने फोटोसुद्धा काढून घेतला होता.

"अहो, मग आलात कशाला?"

"न येऊन चालतंय होय?"

"घरी कोण आहे?"

"सासू. तिला स्वल्पच दिसतं."

बाकीच्या तिघींनी मान वर केली नाही. हेमलता ऑफिसात गेली. तिने फोन फिरवला.

"सर, आणीबाणी संपली."

"झालं काम?"

"संपली, सर."

बाहेर येऊन ती म्हणाली, "जा सगळ्या. कुणाचं काम जात नाही."

"आणि ह्या?" सकवारबाईने ताटांकडे पाहिलं.

"बघते मी. जा, ऊन चाललंय. उमाजी, ह्यांना सोडून लगेच परत ये."

उमाजी चावी चाळवत उभाच राहिला.

"मॅडम, आमच्या पण..."

"बरं," ती म्हणाली. "उद्या ये."

जीप गेली. हेमलताने बाह्या वर सारल्या, फतकल मारली आणि पहिली अळी उचलली. तिला उचलायचीही धड सवय नव्हती. अळीने मान हलवली आणि तिच्याच बोटावर धागा सोडायला लागली.