नवऱ्याच्या उरलेल्या गोळ्या

ऑपरेशन थिएटरच्या दाराशी माईंना निजवलेली ढकलगाडी थांबली.

परवा शिवणयंत्रावरून उठताना कापडात पाय अडकला आणि अख्ख्या गल्लीची मापं घेणारी बाई फरशीवर आडवी झाली. खुब्याचं हाड मोडलं. पण माईंना भीती हाडाची नव्हती, रक्ताची होती. पंचेचाळीस वर्षांपूर्वी, लेकीच्या बाळंतपणात, त्यांना परक्याचं रक्त चढवलं होतं. बाटली निम्मी उतरली आणि अशी हुडहुडी भरली की लोखंडी खाट खडखडायला लागली. पाय घट्ट धरून बसलेल्या सिस्टरच्या हातांचा फिनेलचा वास माईंच्या नाकात अजून होता.

"यावेळी रक्त लागू नये म्हणूनच सगळी खटपट आहे, माई," भूल देणारी डॉक्टर म्हणाली. "चिरा देण्याआधी रक्त धरून ठेवणारं औषध देऊ. अंग गरम ठेवू, गारठलं की जास्त वाहतं. तरीही लागलंच, तर जुळवून तपासलेली पिशवी तयार आहे."

माईंना एवढं सगळं सांगितलं, पण ऐकू आली ती फक्त पिशवी.

रक्त पातळ करायची गोळी घेता का, असं काल याच डॉक्टरने विचारलं होतं. उत्तर लेकीनेच दिलं होतं, "ती बाबांना होती. ते गेल्यावर उरलेल्या मी स्वतः कचऱ्यात टाकल्या." माई गप्प राहिल्या होत्या. चिंधीसुद्धा न टाकणारी बाई ती, गोळ्या कशा जाऊ देईल? नवऱ्याचं काळीज ठोके चुकायचं, तो गेल्यावर माईंचंही चुकायला लागलं. मग रोज सकाळी एक गोळी. आजसुद्धा, सिस्टरची पाठ वळल्यावर, उशाखालच्या बटव्यातून काढून पाण्याशिवाय गिळली होती.

सांगावं, तर लेकीसमोर अब्रू जाणार. न सांगावं, तर रक्त वाहणार आणि ती पिशवी येणार. गाडीची चाकं पुन्हा हलली, लेक शेजारून चालू लागली.

"थांबा," माई म्हणाल्या. "आधी हिला लांब घालवा."

"कोणाला?"

"माझ्या लेकीला."

लेक कॉरिडॉरच्या टोकाला गेली. डॉक्टर वाकली. माईंनी तिच्या कानात सांगितलं.

"शेवटची कधी घेतलीत?"

"आज सकाळी."

डॉक्टर शेजारच्या स्टुलावर बसली. "माई, मी आत्ता तुमच्या पाठीत सुई घालणार होते. कण्यात रक्त साचलं असतं, तर दोन्ही पाय गेले असते."

गाडी उलटी फिरली. लेक धावत आली, तिला डॉक्टरने गोळ्यांचं सांगितलं. "काय केलंस आई?"

"काटकसर."

लेकीने उशाखालचा बटवा काढून घेतला. मग म्हणाली, "बाबांचा चष्मा तरी घालत नाहीस ना?"

"फक्त सुईत दोरा ओवताना."

गोळीचा अंमल उतरायला दोन दिवस गेले. कुशीवर वळवलं की पायातून कळ डोक्यात जायची आणि डोळे मिटले की लोखंडी खाट खडखडायची.

तिसऱ्या दिवशी दुपारी कमरेखालचं अंग बधिर झालं. हिरव्या पडद्यापलीकडे काय चाललंय ते दिसत नव्हतं. रक्ताने भिजलेल्या पट्ट्या काट्यावर टाकून सिस्टर वजन सांगत होती. चाळीस. पासष्ट. नव्वद. किती रक्त गेलं, याची माई मनात बेरीज करत होत्या. एकदा सिस्टर मध्येच थांबली, तेव्हा माईंनी "काय झालं?" म्हणून विचारलं. ती नुसता हातमोजा बदलत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर रिपोर्ट घेऊन आली.

"हिमोग्लोबिन साडेआठ. आठच्या खाली गेलं असतं तर विचार केला असता. पिशवी परत पाठवली."

माईंच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यांनी ते नवऱ्याच्या जुन्या रुमालाने पुसलं. लेकीने रुमाल पाहिला आणि त्यांच्या हातातच राहू दिला.

"अजून एक," डॉक्टर म्हणाली. "तुमचे ठोके खरंच चुकतात. पहिल्या दिवशीच्या तपासणीत सापडलं नाही, काल मशीनवर दिसलं. जखम सुकायला लागली की रक्त पातळ ठेवायची गोळी तुम्हालाही लागेल."

चार दिवसांनी लेकीने गोळ्यांची पट्टी हातात ठेवली. वर माईंचं नाव चिकटवलेलं होतं. तीच निळी पट्टी, तीच बारीक गोळी.

"तरी मी म्हणतच होते," माई पुटपुटल्या.

इतके दिवस बिनदिक्कत गिळलेली ती गोळी त्यांनी तळहातावर घेतली, तोंडाशी नेली आणि परत खाली आणली. "तू इथेच बस," त्या लेकीला म्हणाल्या, "मी घेईपर्यंत."