उपाशीपोटीची गोळी

लातूर जिल्हा झाला आणि मागोमाग दुष्काळ आला. उदगीरजवळच्या आमच्या गावात टँकरची वाट बघत घागरींची रांग लागायची. अशात एक दिवस टँकरऐवजी पांढरी जीप आली. लातूरचे डॉक्टर पंचाक्षरी आणि त्यांच्यासोबत दोन गोरे डॉक्टर. साखरेचा आणि हृदयाचा आजार आवरायला दोन देशांनी मिळून काम काढलं होतं म्हणे. मठात बसून त्यांनी गावाचं रक्त काढलं.

"पाणी द्यायला कुणी न्हाई, रक्त न्यायला मात्र समुद्रापलीकडून आले," माझे धाकटे दीर बसवंत म्हणाले. "आपल्यावर औषधं आजमावायलेत, वैनी. त्यांच्याकडचे उंदीर संपले असतील."

माझ्याही मनात तेच होतं. पण ह्यांच्या पायाच्या अंगठ्याची जखम भरत नव्हती, आणि अशाच जखमेपायी सासऱ्यांचा पाय कापावा लागला होता. ह्यांच्या रक्तात साखर निघाली. पंचाक्षरींनी गोळ्या दिल्या.

"गुरुपादप्पा, सकाळी जेवणाआधी एक घ्या. जेवता कधी?"

"दिवस वर आला की," हे ऐटीत म्हणाले.

हे उठल्या उठल्या गोळी घ्यायला लागले. एका सोमवारी टँकर दुपारपर्यंत आलाच नाही. ओसरीवर बसल्या बसल्या ह्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले, जीभ अडखळली.

"गोऱ्यांनी घात केला!" बसवंत ओरडले.

मला काही सुचेना. देवापुढची मधाची वाटी उचलली आणि 'शिवा, शिवा' म्हणत बोटानं चाटवत राहिले. हळूहळू ह्यांची नजर ठिकाणावर आली.

"देवानं विष उतरवलं," म्हणत बसवंतांनी गोळ्या अंगणात भिरकावल्या. मी त्या वेचून पदरात बांधल्या. जाब विचारायचा तर हातात काही हवं.

जीप पुन्हा आली तशी मी मठात गेले. गोळ्या पुढं ठेवल्या, घामापासून मधापर्यंत सगळं सांगितलं आणि हळूच विचारलं, "ह्यात काय घातलंय?"

झाला प्रकार पंचाक्षरींनी शेजारच्या गोऱ्या डॉक्टरला त्याच्या भाषेत सांगितला. त्यानं उलट काहीतरी विचारलं. पंचाक्षरी माझ्याकडं वळले. "त्या दिवशी जेवले कधी होते?"

"जेवतील कसे? पाणी न्हाई तर अंघोळ न्हाई. अंघोळ न्हाई तर लिंगपूजा न्हाई. मग घास कसा जाईल तोंडात?"

पंचाक्षरींच्या कपाळावर भस्माचे पट्टे होते. त्यांनी तिथंच हात मारून घेतला. "गोळी साखर खाली ओढते, आई. वरून घास पडला नाही तर ओढतच राहते. तुमच्या मधानं माणूस वाचवला. मीही पूजेशिवाय जेवत नाही, पण माझ्या घरी नळ आहे. तुमचं पाणी कधी येतं, हे विचारायचं माझ्या ध्यानातच आलं नाही."

गोरा मान खाली घालून बसला. ते खरं की नाटक, मला कळलं नाही.

घरी येऊन सगळं सांगितलं, तर बसवंत हसले. "डॉक्टर आपल्यातलाच, पण जीप कुणाची?"

"आता गोळी न्हाई," हे म्हणाले. "पाय जायचा तर जाऊ दे."

मठातून परत आणलेल्या गोळ्या मी पुन्हा पदरात बांधल्या.

दुसऱ्या दिवशीही टँकर उशिराच आला. ह्यांची अंघोळ झाली, लिंगपूजा झाली. हे ताटावर बसले, तर भाकरीशेजारी गोळी.

"कुणी ठेवली?"

"मी."

"तुझा इश्वास बसला व्हय त्यांच्यावर?"

"न्हाई. म्हणून तर समोर बसलेय."

ह्यांनी अंगठ्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. गोळी गिळली आणि लगेच भाकरीचा तुकडा मोडला. बसवंत दारात हाताची घडी घालून उभे होते. दिवस कलला तरी ह्यांच्या कपाळावर घामाचा टिपूस नव्हता. तरी मांडीवरची मधाची वाटी मी खाली ठेवली नाही.