बेथेनियाचा फळा

कुमगारेगच्या मैदानावर पाण्याच्या बाटल्या घेऊन धावणारा माणूस चौसष्ट वर्षांचा होता. उजवा गुडघा आपण कोळशाच्या खाणीतच ठेवून आलो, असं तो स्वतःच सांगायचा. नाव इद्वल प्रोबर्ट. पण वेल्सच्या त्या खोऱ्यात माणसाला कामावरून हाक मारायची रीत, म्हणून डाय नावाचा दूधवाला तो डाय दूध, आणि हा इद्वल पाणी. खेळाडूंना तो इद्वलकाका.

पाणी हे त्याचं निम्मंच काम. रग्बीत खेळ थांबला की पाणीवाल्याला मैदानात जाता येतं, आणि बाटलीबरोबर कोचचा निरोपही जातो. पेनल्टीचा चेंडू उभा करायची रबरी बैठकही तोच नेऊन द्यायचा. बैठक घेऊन इद्वल निघाला की लोक ओळखत, आता गोलावर किक.

याशिवाय त्याच्याकडे फळा होता. बेथेनिया चॅपलमध्ये आज कुठली स्तोत्रं गायची त्यांचे आकडे लावायचा जुना लाकडी फळा. चॅपलला नवा मिळाला तेव्हा जुना सरपणात जायला निघाला होता. इद्वल तिथला वडीलधारा सेवक. त्याने तो खांद्यावर घालून क्लबात आणला आणि कपडे बदलायच्या खोलीत टांगला. त्या हिवाळ्यात कुमगारेग पहिल्यांदाच युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेत उतरलं होतं. चार संघांचा गट, प्रत्येकाचे सहा सामने. जिंकलं की दोन गुण, बरोबरीला एक, हरलं की काही नाही, आणि गटातून पुढे जाणार एकच. दर आठवड्याला इद्वल डब्यातून आकड्यांच्या पाट्या काढून फळ्यावर सरकवायचा. पोरं पेपर वाचत नसत, कोच म्यूरिगही नाही. फळ्यावर आहे म्हणजे आहे.

रविवारी मात्र फळ्याला हात लागत नसे. रविवारी इद्वल रेडिओ लावत नसे, पेपर उघडत नसे, निकाल कानावर पडू नये म्हणून क्लबाच्या गल्लीतून जातही नसे. तो दिवस बेथेनियाचा आणि पाळक तेगिद रीस यांच्या प्रवचनाचा. रीसबाबा बोलायला लागत तेव्हा साधं बोलत, शेजाऱ्याने कुंपणावरून बोलावं तसं. मग आवाज हळूहळू चढे, शब्दांना लय येई, आणि कधी बोलणं संपून गाणं सुरू झालं ते कळतही नसे. प्रवचनच गाऊ लागे. मागच्या बाकांवरचे खाणकामगार एकेका ओळीला हुंकार भरत. इद्वलने चाळीस वर्षं ते ऐकलं, आणि दर रविवारी घरी जाताना त्याला वाटायचं, आज आपल्याला कुणीतरी धुऊन वाळत घातलंय.

जानेवारीत शेवटून दुसऱ्या फेरीच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, रीसबाबा गेले. शनिवारी कुमगारेग जिंकलं, आठ गुण झाले. गटातला खरा प्रतिस्पर्धी म्हणजे फ्रान्सचा रोकमोरेल. त्यांचं मैदान गोठल्यामुळे सामना झाला नाही, अशी बातमी संध्याकाळी आली. खोऱ्यातल्या लीगमध्ये थंडीने सामना बुडाला की दोघांना एकेक गुण वाटून द्यायची जुनी वहिवाट. इद्वलने दुसरा विचारच केला नाही. रोकमोरेलच्या सहाचे सात केले आणि दिवा मालवून रीसबाबांच्या घरी गेला. सोमवारी दफन होतं. टेकडीवर वाऱ्यात त्यानेच पहिला सूर धरला. त्या आठवड्यात त्याने पेपर पाहिला नाही, आणि बाकी सगळ्यांनी फळा पाहिला.

पुढच्या शनिवारी शेवटचा सामना, घरच्या मैदानावर, इंग्लंडहून आलेल्या दांडग्या संघाशी. पहिला अर्धा वेळ चिखलात गेला. उत्तरार्धात फ्रान्सहून क्लबात फोन आला की रोकमोरेलचा सामना आटोपला, बरोबरी झाली. म्यूरिगने बोटांवर हिशेब केला. त्यांचे सातावर एक, आठ. आपले आधीच आठ. म्हणजे एक गुण पुरे.

चार मिनिटं उरली होती, सोळा-सोळा बरोबरी होती, आणि इंग्लंडचा एक गडी पाय धरून बसला होता. म्यूरिगने इद्वलला मैदानात पिटाळलं. कर्णधार हेविन बोवेनने बाटली तोंडाला लावली आणि इद्वलने त्याच्या कानात सांगितलं की बरोबरी पुरते, उगाच धाडस करू नका, चेंडू मिळाला की बाहेर मारा. हेविनने मान हलवली.

इद्वल लंगडत जवळच्या, समोरच्या कडेला बाहेर पडला आणि तिथल्या बाकावर टेकला. शेजारी रीसबाबांच्या पत्नी नेस्टाबाई बसल्या होत्या, मांडीवर सामन्याच्या उरलेल्या माहितीपत्रकांचे गठ्ठे. तीस वर्षं त्या मैदानावर माहितीपत्रकं विकत आल्या होत्या, आणि या शनिवारीही आल्या. घरात बसून काय करू, म्हणाल्या. इद्वलने त्यांना खुशीत सांगितलं, बरोबरीत भागतंय बाई.

नेस्टाबाईंनी चष्मा वर केला. नवऱ्याने प्रवचनात वचनाचा आकडा चुकवला तर पहिल्या बाकावरून खोकून कळवणारी ही बाई. त्यांनी माहितीपत्रकाचं मधलं पान उघडलं.

"फ्रेंचांचे सात कुठून आणलेस? इथे आठ छापलेत."

छापखान्याची चूक असेल, इद्वल म्हणाला. त्यांचा तो सामना थंडीने बुडाला होता ना, एकेक गुण वाटला.

"बुडाला नाही रे. दुसऱ्या दिवशी खेळले, रविवारी. जिंकले." त्यांनी पान मिटलं. "माझा भाऊ कार्डिफहून आला होता. आमच्या स्वयंपाकघरात रेडिओ लावून बसला होता, रविवारी, त्या घरात. मी म्हटलं असू दे, आज कुणाला बोलायचं."

इद्वलने हिशेब पुन्हा मांडला. सातावर एक नव्हे, आठावर एक. नऊ. बरोबरीने कुमगारेगचेही नऊ, आणि नऊ-नऊ झाले तर ज्यांचे ट्राय, म्हणजे गोलरेषेपार नेऊन टेकवलेले चेंडू, जास्त ते पुढे. ट्राय फ्रेंचांचे कितीतरी जास्त होते. पोरांनी सप्टेंबरपासून चिखल खाल्ला, आणि त्याने आत्ताच स्वतःच्या तोंडाने त्यांना घरी बसायला सांगितलं होतं.

म्यूरिग मैदानाच्या पार पलीकडच्या कडेला होता. त्याच्यापर्यंत पोचायचं तर निम्मं मैदान वळसा. आणि खेळ चालू असताना आत पाऊल टाकलं तर पंच हाकलून देणार. इद्वल उभा राहिला. हातात रबरी बैठक होती.

त्याला रीसबाबांचं शेवटचं प्रवचन आठवलं, पाण्यावरून येशूकडे चालत निघालेल्या पेत्राचं. वाऱ्याला घाबरून पेत्र बुडू लागला, इथे बाबांचा आवाज सुरात शिरला होता. आणि त्याने काय केलं? बुडताना भाषण केलं? आपण कसे बुडलो याची कारणं दिली? नाही, नाही, गळ्यापर्यंत पाणी यायच्या आत हाक मारली, एवढीशी हाक, प्रभू, वाचव. मागचे बाक हुंकारले होते, आणि इद्वल सगळ्यांत मोठ्याने.

शिट्टी वाजली. पेनल्टी, कुमगारेगला. गोलापासून पंचेचाळीस मीटर, डाव्या अंगाला. पंचाने मनगटाकडे पाहून हेविनला सांगितलं की वेळ संपली, ही शेवटची. चेंडू बाहेर मारला की सामना खलास. हेविन हसत हसत कडेच्या रेषेकडे बोट दाखवत होता. किक मारणारा एल्गन चेंडू हातात घेऊन वळलासुद्धा.

इद्वल धावला. गुडघा काय म्हणतो ते ऐकायला थांबला नाही. त्याच्या हातातली बैठक पाहून लोकांत कुजबुज झाली.

"ती नको आता," हेविनने हात हलवला. "बाहेर मारतोय. जा, बसा."

"माझा फळा चुकलाय, हेविन. बरोबरीने आपण बाहेर. जिंकायलाच हवं."

हेविनचं हसू जागच्या जागी राहिलं. "कोचने सांगितलं?"

"कोचला माहीत नाही. चूक माझी, सांगतोय मी."

पंचाने घाई करायला सांगितलं. हेविनने एल्गनच्या हातातला चेंडू थोपटला. "मार गोलावर."

एल्गनच्या दुपारपासून दोन किका हुकल्या होत्या. तो म्हणाला, एवढ्या लांबून या वाऱ्यात माझा पाय पुरायचा नाही.

"काकांचा गुडघा इथवर पुरला," हेविन म्हणाला, "तुझा पाय तरुण आहे."

इद्वलने वाकून बैठक चिखलात दाबली. पलीकडून म्यूरिग ओरडत होता, दोन्ही हात डोक्यावर. मग उभ्या लोकांतून कुणीतरी बेथेनियातलं स्तोत्र धरलं, बायकांचा वरचा आवाज मिसळला, आणि सगळं मैदान हळू गाऊ लागलं. इद्वलला गाता येईना. डोळे मिटून, तोंडातल्या तोंडात तो पेत्राचीच हाक मारत होता.

किकेचा आवाज आला. नंतर बराच वेळ नुसतं गाणं, मग गाणं फाटून झालेली आरडाओरड. डोळे उघडले तेव्हा दोन्ही खांबांपाशी पंचांचे झेंडे वर होते, किक लागली होती. चेंडू आडव्या दांडीला चाटून पलीकडे पडला होता, म्हणे. इद्वलने पाहिलंच नाही. तो चिखलात बसला होता, आणि छातीवरचा दगड उतरला तसा गुडघा दुखायला लागला.

म्यूरिगला सगळं कळलं तेव्हा तो आधी पांढरा पडला, मग तांबडा. इद्वलने बाटल्यांची टोपली त्याच्यापुढे ठेवली आणि दुसरा पाणीवाला बघ म्हणाला. म्यूरिगने टोपली उचलून परत त्याच्या हातात दिली.

"पेपर टाकणाऱ्या पोराला सांगून पेपर लावतो," तो म्हणाला. "माझ्यासाठी. तुम्ही पाणी बघा."

दुसऱ्या दिवशी पेपरवाले फळ्याचा फोटो काढायला आले. गावभर झालं होतं. म्यूरिगने चॅपलच्या दारात गाठून इद्वलला विनवलं की निदान तेवढा सात काढून आठ लावा, फोटोत वाईट दिसेल. इद्वल म्हणाला, रविवार आहे, आणि आत गेला. पाहुण्या पाळकाचा आवाज पातळ होता, पण शेवटी शेवटी त्यालाही सूर सापडला. इद्वल आणि पहिल्या बाकावरच्या नेस्टाबाई, दोघांनीही मोकळ्या गळ्याने हुंकार भरला.

फोटो सोमवारी छापून आला, रोकमोरेलच्या सातासकट. इद्वलने तो कापून फळ्याच्या चौकटीत खोचला. मग डब्यातून आठची पाटी काढली, बाहीने पुसली, सातच्या जागी बसवली. शनिवारच्या बरोबरीचा एक अजून न मिळवता आधी ती चूक नीट केली, मगच त्याने आठ काढून नऊ लावला, आणि कुमगारेगपुढे दहा.