यंत्राला पांघरलेली शाल

सोमवारी सकाळी गुडीहत्नूरच्या नाक्यापलीकडे लिंबाखाली जी जत्रा भरायची, तिच्यात माणसांपेक्षा मशिनी जास्त असत. कुणी बैलगाडीत पाण्याची मोटर घालून आणलेली, कुणाच्या डोक्यावर शिलाई मशीन, तर एकाने लग्नात मिळालेला टीव्ही दुलईत गुंडाळून तापलेल्या लेकरासारखा छातीशी धरलेला. सरकारी दवाखान्यात कधी दिसत नाही अशी शिस्तीची रांग, आणि रांगेच्या टोकाला दगडी ओट्यावर यंत्रसिद्ध महाराज.

“यंत्रालाही प्राण असतो, बेटा,” महाराज माइकवर सांगत. “प्राण म्हणजे करंट आणि करंट म्हणजे प्राण. माणसाचा प्राण नाकातून जातो, यंत्राचा प्लगातून. प्लग काय आहे? आत्मा आणि परमात्मा यांची भेट!”

मी इथल्या शाळेत विज्ञान शिकवतो. त्या वाक्याचा अर्थ मला आजतागायत लागलेला नाही. पण माझ्या शेजारी उभे असलेले माझेच दोन जुने विद्यार्थी डोळे मिटून माना डोलवत होते. विद्युतधारेची व्याख्या घोटून घेताना मी यांच्यावर किती घसा कोरडा केला होता.

अठ्ठ्याण्णव साल सरत आलेलं होतं. त्या सोमवारी रांगेत आमचे वामनराव होते. गावात त्यांचं किराणा दुकान, शिवाय थोडी कापसाची शेती. त्यांच्या हातात पितळी ताट आणि ताटात लॅपटॉप. असली वस्तू गावाने पहिल्यांदाच पाहिली होती. वहीसारखी उघडते, टीव्हीसारखी दिसते आणि करंट गेला तरी तासभर चालते म्हणून तिचं कौतुक मोठं. पण महिनाभरापासून ती चालता चालता डोळे मिटत होती.

महाराजांनी ताट घेतलं, लॅपटॉप सावलीतल्या गार दगडावर उघडा ठेवला आणि टाळ-झांजांसकट चांगला तासभर मंत्र म्हटले. मग बटण दाबलं. मशीन सुरू झाली. बाया-माणसांनी जयजयकार केला, वामनरावांनी डोळे पुसले.

मग प्रत्येक यंत्राला करत तसंच महाराजांनी वरून मूठभर भस्म उधळलं आणि पडदा व बटणं तेवढी उघडी ठेवून बाकीची मशीन लाल मखमली शालीत आवळून बांधली. “ही शाल उतरवायची नाही. यंत्र चालू असो की बंद. आता सांग, चालवतं कोण?”

“सून चालवते, महाराज.”

“सौभाग्यवती?”

वामनरावांनी मान खाली घातली.

“मग झालं तर,” महाराज म्हणाले. “विधवेच्या हाताखाली यंत्र प्राण धरत नाही. तिला हात लावू देऊ नको.”

हे वाक्य माइकवरून गेलं. चार शेतांपलीकडे कापूस वेचणाऱ्या बायांनीही ते ऐकलं असणार. ती सून, चंद्रभागा, गर्दीच्या कडेला सासूजवळ उभी होती. तिने पदर पुढे ओढला आणि ती चालत घरी गेली.

चंद्रभागेचा नवरा जीप उलटून वारला. त्यानंतर ती मागच्या खोलीत बसून गहू निवडायची आणि कुणी विचारलं तरच बोलायची. हैदराबादला असलेल्या तिच्या भावाने ऑफिसातून निघालेला हा जुना लॅपटॉप तिला आणून दिला, चार दिवस राहून शिकवलं, आणि बघता बघता तिने टायपिंगचं काम धरलं. लग्नपत्रिका, शाळांचे पेपर, कचेरीत द्यायच्या लोकांच्या दरखास्ती, म्हणजे अर्ज. फ्लॉपी साबणाच्या डबीत घालून ती बसच्या कंडक्टरकडे द्यायची, ती आदिलाबादच्या छापखान्यात पोचायची. हळूहळू लोक दुकानात येऊन ‘चंद्रभागाबाई आहेत का’ असं विचारू लागले. त्या घरात तिला नाव आलं ते या कामाने.

आता लग्नसराईचं काम तोंडावर आलेलं. छापखान्याच्या मालकाने निरोप धाडला होता: जमत असेल तर सांगा, नाहीतर मी दुसरा माणूस पाहतो. दुसरा माणूस लागला की चंद्रभागेची जागा पुन्हा मागच्या खोलीत, गव्हाच्या सुपापुढे.

संध्याकाळी मी वामनरावांकडे गेलो. पुढच्या खोलीत कापूस आढ्यापर्यंत भरलेला, भाव चढेल म्हणून ठेवलेला. उन्हाच्या तिरपेत त्याची तूस, म्हणजे बारीक तंतू, उडताना दिसत होती. त्याच खोलीत गादीवर, शाल पांघरून, लॅपटॉप. वर हळद-कुंकू, समोर उदबत्ती. धाकटा मुलगा बाबाराव दोन बोटांनी टायपिंग करत होता आणि ‘चिरंजीव’ या शब्दाशी त्याची झटापट चालली होती. तो शब्द पुरा व्हायच्या आत मशीन बंद पडली.

“आता तर विधवेचा हात नव्हता,” मी म्हणालो.

“सकाळी तिनं ह्या खोलीत झाडू मारला,” वामनराव म्हणाले.

मी शालीखाली हात घातला. चटका बसला. “वामनराव, हे तापून बंद पडते. आत पंखा आहे, बाजूला हवा जायला फटी आहेत. तुम्ही गादीवर ठेवलं, वरून शाल आवळली, कापसाची तूस आत गेली. जीव गुदमरला त्याचा. ओट्यावर महाराजांनी काय केलं ते आठवा. तासभर सावलीत गार दगडावर उघडं ठेवलं. मंत्र वगळा, बाकी काय उरतं? नुसतं गार होणं.”

“गुरुजी, तुमी शिकेल माणसं. पण महाराजाच्या हातून मशीन चालू झाली, हे आमी डोळ्यानं पाह्यलं ना.”

मी हट्टाला पेटलो. शाल सोडली, मशीन थोडी निवू दिली, खालून दोन विटा लावून लाकडी पाटावर ठेवली आणि दार-खिडक्या उघडल्या. बाबारावाने काम सुरू केलं. दिवेलागण होऊन गेली तरी मशीन चालत होती. मी विजयी मुद्रेने वामनरावांकडे पाहिलं.

“पाह्यलं?” वामनरावच मला म्हणाले. “शाल काढली तरी तिचा गुण उतरला नाई अजून. म्हणून चालून राह्यली.” आणि त्यांनी शाल पुन्हा आवळून बांधली.

यावर काय बोलणार? चालली तर शालीचा गुण, बंद पडली तर सुनेचा दोष. असल्या हिशेबापुढे विज्ञानाच्या बापाचं काही चालत नाही. मी घरी आलो आणि विनाकारण बायकोवर चिडलो. भाजीत मीठ बरोबर होतं, तरी जास्त आहे म्हणालो.

वामनरावांकडून निघताना दाराशी चंद्रभागा भेटली होती, ते मात्र डोक्यातून जाईना. ती हळू आवाजात म्हणाली होती, “गुरुजी, मीबी मामंजीले हेच सांगून राह्यली. पण माह्यं तोंडच अपशकुनी ठरलं, तर तोंडातलं कोण ऐकते?”

पुढच्या सोमवारी मी पुन्हा लिंबाखाली गेलो, भांडायच्याच तयारीने. वामनराव ताट घेऊन रांगेत होतेच. मशीन पुन्हा बंद पडली होती. मी बोलायला शब्द जुळवत होतो आणि तेवढ्यात माझी नजर ओट्याच्या मागे गेली.

तिथे महाराजांचा ॲम्प्लिफायर होता. भोंगे त्याच्यावर चालायचे. उंच लाकडी स्टुलावर, चारी बाजूंनी मोकळा. अंगावर शाल नाही, भस्माचा कण नाही. आणि त्याच्या पाठीशी एक छोटा टेबलपंखा घरघरत होता. समोर भक्तमंडळी उन्हात उपरण्यांनी वारा घेत होती. पंखा मात्र मशिनीला.

मला हसू आलं आणि संतापही आला. आठवडाभर मी फटी आणि तूस यांवर डोकं फोडत होतो, आणि हा गृहस्थ सगळ्यांच्या देखत खरं काय ते स्टुलावर मांडून बसला होता.

मी हात जोडून पुढे झालो. “महाराज, एक शंका आहे. गावातल्या सगळ्या यंत्रांना तुम्ही शाल दिली. ज्याच्या मुखातून तुमची वाणी येते, त्यालाच शाल नाही. हे आम्हा भक्तांना बरं दिसत नाही.”

गर्दीत कुजबुज झाली. मुद्दा लोकांना पटला होता, वेगळ्या कारणाने का होईना.

“त्याला गरज नाही,” महाराज म्हणाले. “ते सिद्ध यंत्र आहे.”

“देवालेबी गरज नसते, तरी आपण शाल देतोच ना,” असं म्हणत देवकाबाई पुढे आल्या. देवकाबाई म्हणजे वामनरावांची बायको, चंद्रभागेची सासू. उपासतापासात गावात त्यांचा हात कुणी धरणार नाही. खांद्यावर बासरहून आणलेली शाल होती, सरस्वतीच्या पायाला लावलेली. माझ्या बोलण्यातला डाव त्यांच्या गावीही नव्हता. त्या अगदी खऱ्या भक्तीने स्टुलाजवळ गेल्या, ॲम्प्लिफायर पंख्यासकट शालीत नीट गुंडाळला आणि वर फूल ठेवून पाया पडल्या.

महाराजांचा हात अर्धवट उचलला गेला आणि तसाच राहिला. बासरच्या देवीची शाल नको कशी म्हणणार?

भजन सुरू झालं. दुसरं भजन सरेपर्यंत भोंग्यातला आवाज घोगरा झाला होता. महाराजांचं लक्ष टाळांत नव्हतं, दर ओळीला मान मागे वळत होती. मग लोकर करपल्यासारखा वास आला. महाराज हातातल्या माइकसकट उडी मारून उठले.

“काढा ते! हवा लागू द्या त्याला, जळून जाईल!”

भोंगा अजून जिवंत होता. त्याने ते वाक्य प्रामाणिकपणे सगळ्या रानाला ऐकवलं.

महाराजांनी स्वतःच्या हाताने शाल ओढून फेकली आणि पंखा सारखा केला. मी एवढंच विचारलं, “महाराज, तुमच्या यंत्राला हवा लागते. आमच्या यंत्राला काऊन नाही?”

आता तरी संपेल असं मला वाटलं. पण असली माणसं पाण्यात टाकली तरी कोरडी निघतात. महाराजांनी श्वास घेतला, डोळे मिटले आणि गंभीरपणे म्हणाले, “शाल शुद्ध होती. शाल देणाऱ्या बाईच्या मनात पाप होतं.”

आणि खरं सांगतो, पुढच्या दोन रांगांतल्या माना हलल्या. होकारार्थी. त्या क्षणी मला सगळं सोडून घरी जावंसं वाटलं.

देवकाबाई खाली पडलेली शाल उचलत होत्या. त्या सावकाश उभ्या राहिल्या. आवाज चढला नाही.

“आठ दिवसामागं माह्या सुनेचा हात वाईट होता,” त्या म्हणाल्या. “आज माह्यं मन वाईट झालं. महाराज, तुमचं कधीच काई नसते का?”

देवकाबाईंनी उत्तराची वाट पाहिली नाही. त्यांनी वामनरावांच्या हातातलं ताट घेतलं, लॅपटॉपवरची लाल शाल सोडून ओट्यावर टाकली आणि अंबाड्यातला आकडा काढून माझ्यापुढे धरला. “गुरुजी, त्या दिशी तूस का काय म्हणत होते, दाखवा मले.”

मशीन बंदच होती. मी आकड्याने फटीतून अलगद ओढलं. कापसाची चपटी पट्टी बाहेर आली, भस्माने राखाडी झालेली, कुंकवाने लाल.

देवकाबाईंनी ती बोटांत धरली. “ही तर वात झाली,” त्या म्हणाल्या. जन्मभर वाती वळलेल्या बाईला आणखी काही समजावून सांगावं लागलं नाही. “आमच्याच घरचा कापूस. अन् बोल लावला लेकराच्या हाताले.”

मग त्यांनी गर्दीच्या कडेला पाहिलं. “चंद्रभागे, इकडं ये. चालू कर ते.”

चंद्रभागा जागची हलेना. देवकाबाई स्वतः गेल्या, तिला मनगटाला धरून ओट्यापर्यंत घेऊन आल्या आणि सगळ्या गावासमोर तिचं बोट बटणावर ठेवलं. मशीन सुरू झाली. या वेळी जयजयकार कुणी केला नाही. वामनराव दुसरीकडे पाहत होते.

लग्नसराईच्या पत्रिका चंद्रभागेनेच केल्या. मशीन पुढे कितीतरी वर्षं टिकली. ती कापसाच्या खोलीतून हलवली, गादीवरून पाटावर आली, चंद्रभागा रंगाच्या मऊ कुंचल्याने तिच्या फटी झाडायची, काम संपून मशीन निवली की मगच झाकायची आणि वीज कडकडली की प्लग काढून ठेवायची. एवढंच. याला ना मंत्र लागला ना नारळ.

महाराजांनी त्याच आठवड्यात गावातून मुक्काम हलवला. माझी फार मोठी जीत झाली असं समजू नका. रांगेतल्या बऱ्याच मोटरी उटनूरच्या बाजूला दुसरं कुणी बसलंय म्हणून तिकडे निघाल्या, त्यांच्यासोबत माझा एक जुना विद्यार्थीही होता. म्हणून पुन्हा सांगतो, कंटाळा आला तरी सांगतो. यंत्राला विधवा कळत नाही, सवाष्ण कळत नाही. त्याला ऊन, धूळ आणि कोंडलेली हवा कळते. त्याची काळजी घ्या, ते तुमचं काम करेल. आणि कुणी तुमच्या घरातल्या बाईच्या हाताला दोष देऊ लागला, तर आधी त्याच्या स्वतःच्या यंत्रावर शाल आहे का, तेवढं पाहून या.