बैलाचं एनर्जी ड्रिंक

शंकरपटाच्या शर्यतीत बैल जोरात पळावा म्हणून पुसेगावच्या संतरामनं हिंगोलीहून एनर्जी ड्रिंकचे चार डबे आणले. बैलानं हुंगून तोंड फिरवलं. वाया कसं घालवावं, म्हणून संतरामच ते प्याला. पहिल्या डब्यानं तरतरी आली. त्यानं गोठा झाडला, कडबा रचला. चौथ्यानंतर हात थरथरू लागले, छाती धडधडू लागली.

"द्वारके, मी मरून राहिलो!"

"मरणारा माणूस गोठा झाडतो व्हय?" म्हणत त्याच्या बायकोनं, द्वारकाबाईनं, त्याच्या छातीवर हात ठेवला आणि तीच पांढरीफटक पडली.

दवाखान्यात डॉक्टर नाडी धरून म्हणाले, "चार डबे? कुणी सांगितले?"

"बैलाच्या अंदाजानं आणले होते, साहेब. मी वाचतो ना?"

"वाचाल. पण गुमान पडून राहा."

संतरामला ते काही जमेना. ताकद फार आली होती.