पिकपचा नकार

पैज लागली न्हाव्याच्या दुकानात. माझ्या गालाला फेस होता आणि गळ्याशी वस्तरा. अशा वेळी माणसानं तोंड उघडू नये. मी उघडलं. म्हटलं, मी आत एकटा, दोन्ही हात वर, आणि तरी त्या पिकपचा हॉर्न वाजला, तर सबंध बाजारातून तोंडानं पों पों करत चालेन. न्हाव्यानं वस्तरा पुसला. "नाही वाजला तर मी चालेन," म्हणाला. दुकानातले सगळे साक्षीला.

पिकप शेजारच्या वहिनींची. म्हणजे त्यांच्या नवऱ्याची. तो वर्षापूर्वी गेला. गाडी आमच्यातल्या निम्म्यांहून म्हातारी, गोल बोनेटाची, वटारलेल्या दिव्यांची. वहिनी एकदा सीटवर बसून रडत होत्या, किल्ली खिळ्याला टांगलेली, आणि हॉर्न आपोआप वाजला. गुळाला मुंगळा लागावा तसे दुसऱ्याच दिवशी कुठलेसे एक महाराज हजर. नवऱ्याचा जीव म्हणे गाडीत अडकलाय. विचाराल ते सांगेल. हॉर्न वाजला म्हणजे 'नाही', गप्प राहिला म्हणजे 'हो'.

झालं. रोज दुपारी चारला गॅरेजचं शटर वर, दारात ही गर्दी, वहिनी ड्रायव्हरच्या सीटवर आणि महाराज डोळे मिटून बोनेटावर हात ठेवून. आत्म्याला बॅटरी लागते आणि ती दर आठवड्याला चार्ज करून आणायला महाराज माणूस पाठवतात, हे कुणाला खटकलं नाही. कोपऱ्यावरच्या बॅटरीवाल्या ताईंना खटकलं होतं, पण त्यांना विचारतो कोण?

मीही नुसता हसलो असतो. पण वहिनींची लेक दूरच्या गावी, दिवस भरत आलेले, जवळ कुणी नाही. लेकीकडे जाऊ का? पों. चार दिवस तरी? पों. महाराजांनी गॅरेजातच गादी मांडावी का? गप्प. म्हणजे हो. तीन आठवडे वहिनींची बॅग दाराशी भरलेली, वर बाळासाठी विणलेलं टोपडं. त्या रोज बॅगेला वळसा घालून गॅरेजात जायच्या, आणि तसाच वळसा घालून परत.

"जिवंतपणी कधी नाही म्हणाला नाही हो," त्या मला म्हणाल्या. "आता एवढा का अडवतो?"

म्हणून तर मी फेसासकट बोललो होतो.

ठरल्या वेळी मी सीटवर बसलो. महाराजांनी बाहेरून दार लोटलं. आतलं हँडल कधीचंच तुटलेलं. एकदा बसलं की बाहेरच्यानं उघडेपर्यंत तुम्ही लोणच्यासारखे बरणीत. काचा जाम, रेक्झिनचा वास, घाम. मी हात वर केले. महाराज म्हणाले, "डोकं स्टेअरिंगला टेकव. विचार, हिनं जावं का?"

टेकवलं. पों.

आणि थांबेचना. माझं वजन पंच्याण्णव किलो, हे तेव्हा ध्यानात आलं नाही. लोकांनी हात जोडले. वहिनी दार उघडायला धावल्या, तर महाराजांनी त्यांना मागे सारलं. कोपलाय म्हणे, कुणी हात लावू नका. त्या आवाजात कोंडलेला मी, खरं सांगतो, क्षणभर मनातल्या मनात वहिनींच्या नवऱ्याची माफी मागितली. पाठीत उसण भरली म्हणून ताठ झालो.

शांतता.

वाकलो. पों. ताठ झालो. गप्प. आणि डोक्यात उजेड पडला. 'नाही' हवं असलं की महाराज वहिनींना सांगायचे डोकं टेकव. 'हो' हवं असलं की पाठ ताठ, डोळे मीट.

दार तर कुणी उघडत नव्हतं. मग मीच काचेआडून ओरडून विचारायला लागलो. महाराज खरं बोलतात का? पों. महाराजांना वायरिंग कळतं का? गप्प. उद्या यांनी इथं यावं का? पों, पों, पों. पहिला हसला तो न्हावी. मग कुणालाच आवरेना. महाराज वाटेत उभे होते; वहिनींनी त्यांना बाजूला केलं आणि दार उघडलं.

बॅटरीवाल्या ताईंनी सीट उचलली. खाली हॉर्नची तार, म्हातारी, आवरण भुग्यासारखं झडलेलं, मध्ये नवऱ्यानं जखमेची चिकटपट्टी गुंडाळून केलेला जोड. ताई म्हणाल्या, बटण दाबलं की ही तार पत्र्याला टेकते, म्हणून हॉर्न वाजतो. इथं बटणाचं काम सीटची स्प्रिंग करतेय. पुढं वाकलं की टेकते, मागं रेललं की सुटते. मग त्यांनी महाराजांना बसून बघायचा आग्रह केला. महाराजांना एकदम दुसरीकडचं काम आठवलं.

वहिनी त्या तारेकडे बघत राहिल्या. "म्हणजे इतके दिवस नाही म्हणत होते ती मीच?"

"तुम्ही नाही," ताई म्हणाल्या. "पट्टी."

पुढचे तीन दिवस दोघींनी मिळून गाडीतलं झाडून सगळं वायरिंग उपसलं. जुना जुडगा जमिनीवर पसरला, टोकाटोकाला चिठ्ठ्या लावल्या, दिवा, वायपर, इंडिकेटर, आणि त्याच मापानं नवा ओवला. शेवटच्या दिवशी एकेक तार कुठून कुठं जाते ते वहिनी मला सांगत होत्या. माझं एवढंच म्हणणं आहे, मंडळी: गाडी बोलायला लागली तर हात जोडा हवं तर, पण आधी सीट उचला. आणि जो उचलू देत नाही, त्याच्यावर नजर ठेवा.

पैजेबद्दल मी पुष्कळ वाद घातला. भूत नव्हतं, हे सिद्ध कुणी केलं? न्हावी म्हणाला, "पैज भुताची नव्हती, दादा. हॉर्नची होती. वाजला."

वाजला होता.

म्हणून वहिनी पिकप घेऊन लेकीकडे निघाल्या त्या सकाळी ताईंनी हॉर्नची तेवढी एक तार मुद्दाम सुटी ठेवली. मागे बॅग, वर टोपडं, आणि पुढं सबंध बाजारातून पंच्याण्णव किलोंचा मी, पों पों करत. लोक दुकानांतून बाहेर आले. न्हावी पायरीवरून सूचना देत होता, आवाज कमी येतोय.

बाजाराच्या टोकाला ताईंनी तार जोडली. वहिनींनी बटण दाबलं, एकदाच. त्याचा अर्थ आता बाजूला व्हा, एवढाच होता.

मी झालो.